एपिड्युरल : कमरेतली सुई आणि घरभराच्या शंका

या महिन्यात कळा कमी करणाऱ्या सुईविषयी बरीच पत्रं आली. उत्तरं देताहेत सांगली-मिरज भागातल्या प्रसूतिगृहांतून वर्षानुवर्षं काम करणाऱ्या एक भूलतज्ज्ञ.

प्रश्न : मला सातवा महिना लागलाय, पहिलीच वेळ. बाळंतपणाला कराडला माहेरी जाणार आहे. पुण्याच्या मावसबहिणीने कळांच्या वेळी एपिड्युरल घेतलं, ती म्हणते घेच. सासूबाई म्हणतात, पाठीत सुई घेतली की कंबर जन्माची जाते, मोठ्या जाऊबाईंची गेलीच आहे. आई म्हणते, बाळाला सुस्ती येते. ह्यांच्या मित्राने सांगितलं, ते घेतलं की सिझरच होतं. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "बघू त्या वेळी." मी काय करू?
— एक पहिलटकरीण, विटा

उत्तर : तुला तू म्हटलं तर चालेल ना? सासूबाईंपासून सुरुवात करू.

जाऊबाईंचं बाळंतपण कसं झालं ते तू लिहिलं नाहीस, पण सिझर झालं असणार, असं मी पैजेवर सांगते. सिझरसाठीही आम्ही कमरेतच सुई देतो. ती स्पायनल. मज्जारज्जूभोवती जे पाणी असतं त्यात औषधाचा एकच डोस, आणि थोड्याच मिनिटांत छातीखालचं सगळं बधिर. एपिड्युरलचं औषध त्या पाण्याच्या पिशवीबाहेर राहतं, नळीतून थोडं थोडं, तासन्‌तास देता येतं. दोन्ही सुया कमरेच्या खालच्या मणक्यांमधून जातात आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी रुग्णालयांतल्या शंभरापैकी ४७ प्रसूती सिझरने झालेल्या दिसल्या. त्यातल्या बहुतेक बायका कमरेत सुई घेतात आणि घरातलं कोणी कंबरेचं नाव काढत नाही. बाळासाठी घेतलेली सुई चालते, बाईच्या दुखण्यासाठी घेतलेली कंबर मोडते! हे गणित मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

टोचलेली जागा दोन-चार दिवस हुळहुळते, एवढं खरं. जन्माची कंबरदुखी मात्र सुई न घेतलेल्या बाळंतिणींनाही होते. नऊ महिने पोटाचा भार, संप्रेरकांमुळे सैल पडलेले सांधे, ताणलेले पोटाचे स्नायू, आणि नंतर रात्रंदिवस कॉटवर पोक काढून पाजणं. जाऊबाईंना पाजताना पाठीला उशी घ्यायला सांग आणि फिजिओथेरपिस्टला एकदा दाखव. सुईवर खापर फोडलं की उपचारच राहून जातात.

सिझरचं म्हणशील तर २०१८ साली चाळीस अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात अकरा हजारांवर बायका होत्या. एपिड्युरल घेतलेल्यांत सिझर जास्त झाली, असं त्यात दिसलं नाही. कायमची पाठदुखीही जास्त आढळली नाही. शेवटचा टप्पा, म्हणजे जोर करायचा टप्पा, थोडा लांबतो हे खरं. पूर्वी दाट औषध वापरत तेव्हा बाळ बाहेर काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम जास्त लागायचा. आता औषध इतकं पातळ देतात की पाय हलतात आणि जोरही करता येतो. आईंच्या शंकेचं उत्तर म्हणजे बाळापर्यंत पोचणारं औषध फार थोडं असतं, बाळ रडतं आणि पितंही. जन्मल्याबरोबर श्वास, ठोके, रंग बघून बाळाला जे अपगार गुण देतात ना, ते १९५२ साली व्हर्जिनिया अपगार नावाच्या भूलतज्ज्ञ बाईंनीच सुचवले होते. बाळाची काळजी आमच्या खात्यालाही आहे, एवढंच सांगायचं होतं.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. तुला कॉटच्या कडेला बसवतात, समोर नर्स उभी राहते, तिच्या खांद्यावर डोकं टेकायचं आणि पाठ मांजरासारखी फुगवायची. आधी साध्या बारीक सुईने कातडी बधिर करतात, ती चुरचुरते. मग मुख्य सुई. हिच्या मागे सलाईनची सिरिंज असते. सुई मणक्यांमधल्या अस्थिबंधात असेपर्यंत दट्ट्या घट्ट राहतो आणि नेमक्या जागी पोचली की एकदम सैल पडतो. मी डोळ्यांनी काही बघत नसते, सगळं दट्ट्यावरच्या अंगठ्याला कळतं. कळ आली की तू सांगायचंस, मी थांबते. कळ गेली की पुढे. बारीक नळी आत सरकवली की सुई बाहेर येते. पाठीत सुई राहत नाही, हे सासूबाईंना आवर्जून सांग. नळी चिकटपट्टीने खांद्यापर्यंत चिकटवतात. पंधरा-वीस मिनिटांनी मी स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवून विचारते, "थंड लागतंय का?" जिथे थंड लागेनासं होतं तिथवर औषध पोचलं. कळ येतेय हे पोट घट्ट झाल्याचं कळतं, पण ओरडावंसं वाटत नाही. पुष्कळ जणी सरळ झोपतात.

तोटे लपवणार नाही. रक्तदाब उतरतो, म्हणून सुरुवातीला दर पाच मिनिटांनी मोजतात. थंडी वाजते, खाज सुटते, कधी ताप येतो, लघवीला नळी लागू शकते. साधारण शंभरात एकीला मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला चुकून भोक पडतं. मग उठून बसलं की डोकं भयंकर दुखतं, आडवं झालं की थांबतं. त्यावर इलाज आहे. तिचंच थोडं रक्त काढून पाठीत त्या जागी सोडतात. असं डोकं दुखलं तर "बाळंतपणात वारा लागला" म्हणून कानाला रुमाल बांधून बसू नकोस, फोन कर. मज्जातंतूला सहा महिन्यांहून जास्त टिकणारी इजा ब्रिटनच्या आकड्यांनुसार तेरा हजारांत एखादीला. पायात जोर न येणं, पाठदुखीबरोबर ताप हे घरी गेल्यावरही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं.

राहिले तुझे डॉक्टर. "बघू त्या वेळी" याचा अर्थ बहुतेकदा "आमच्याकडे रात्री कोणी नसतं" असा असतो. आमच्याकडच्या गावांत एकच भूलतज्ज्ञ चार-पाच ठिकाणी धावत असतो. नळी घालून पुढच्या सिझरला निघून जायचं, हे एपिड्युरल नव्हे. त्यापेक्षा न घेतलेलं बरं, हे मी भूलतज्ज्ञ असून म्हणते. तेव्हा आठव्या महिन्यात कराडच्या दवाखान्यात जा आणि सरळ विचार. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की घरी? महिन्याला किती एपिड्युरल होतात? बाळाचे ठोके सतत कोण बघतं? पैसे किती, ते लिहून द्याल का? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं ठिकाण बघ किंवा दुसरी सोय विचार. श्वासातून ओढायचा एन्टोनॉक्स हा वेदना कमी करणारा वायू आहे. कळांचा जोर त्याने तितका जात नाही, पण पुष्कळ जणींना पुरतो. आणि कळा सुरू झाल्यावर "गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडू दे, मग बघू" म्हणाले, तर तो नियम जुना झालाय. मात्र बाळाचं डोकं खाली आल्यावर हट्ट धरू नकोस, तेव्हा स्थिर बसणंही जमत नाही.

घ्यायचं की नाही ते तू ठरव. नको म्हणालीस तरी काही बिघडत नाही. ठरवायला मात्र आत्ताच बस, कळांमध्ये कोणाला धड विचार करता येतो?

प्रश्न : मी चार मुलं घरात जन्माला घातली, शेवटचं तर खळ्यावरून येऊन. सून आयटीत आहे, म्हणते सुई घेणार. कळा सोसल्याशिवाय आईपण कसं कळणार? आजकालच्या मुलींना काही सोसवत नाही.
— एक सासूबाई, बार्शी

उत्तर : ताई, तुमच्या वेळी सुईण कमरेला तेल चोळत का बसायची? गरम पाण्याने अंग का शेकायचे? बाईला कमी दुखावं म्हणूनच ना? तेव्हा जे हाताशी होतं ते केलं, आता हाताशी जास्त आहे.

वेदना देवाने दिल्यात, त्या घालवू नयेत, हा वाद विलायतेतही झाला. १८४७ मध्ये एडिंबरोच्या सिम्पसन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात रुमालावर शिंपडलेला क्लोरोफॉर्म हुंगला आणि तोंडं बरीचशी बंद झाली. आधीची सात तिने सोसून पाहिली होती, तरी आठव्या वेळी मागितलाच. तिच्या आईपणात काही कमी पडलं, असं कोणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

शिवाय सोसणं काही बायकांच्या अंगावर येतं. हृदयाचा झडपेचा विकार किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर कळांचा ताण धोक्याचा ठरू शकतो आणि अशा पुष्कळ जणींना आम्ही स्वतःहून सुई घ्या म्हणतो. जागतिक आरोग्य संघटना तर २०१८ पासून म्हणतेय की निरोगी बाईलाही हवी असेल तर द्यावी.

एक मात्र तुमच्यासारखीलाच जमेल. सुनेजवळ बसा. कळांच्या वेळी ओळखीचं माणूस सतत सोबत असलं की सिझर कमी होतात, औषधही कमी लागतं, हे अभ्यासांत दिसलंय. सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही प्रसूतीच्या खोलीत सोबतीण असू द्या, असं आहे. फक्त आत गेल्यावर खळ्याची गोष्ट सांगू नका.

प्रश्न : नवरा दुबईला, सासरे म्हणतात सही मीच करणार आणि सुईला मी करणार नाही. माझी सही चालते का?
— चिपळूण

उत्तर : तुम्ही सज्ञान आहात, शुद्धीवर आहात, तुमचीच सही लागते. रुग्ण सज्ञान आणि स्वतः निर्णय घेऊ शकणारी असेल तर जवळच्या नातेवाइकाची संमती पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय. त्या खटल्यात तर रुग्णाच्या आईने दिलेली संमतीही टिकली नव्हती. दवाखाने नातेवाइकाची सही घेतात ती बिलाच्या काळजीने. फॉर्म आठव्या महिन्यातच मागून घ्या आणि घरी वाचा.

प्रश्न : गेल्या वेळी सुई घेतली, पण उजवीकडेच बधिर झालं, डावीकडे सगळ्या कळा कळल्या. मला वाटलं असंच असतं. आता दुसऱ्यांदा राहिलंय. पुन्हा पैसे घालवू का?
— नाशिक

उत्तर : असंच नसतं. नळीचं टोक आत एका बाजूला सरकलं की असं होतं. ती सेंटिमीटरभर मागे ओढायची, दुखऱ्या कुशीवर वळवायचं, आणखी थोडा डोस द्यायचा, बहुतेकदा जमतं. नाही जमलं तर नळी नव्याने घालतात. आठ-दहांत एकीला असं काही ना काही करावं लागतंच. तुम्ही गप्प राहिलात म्हणून कोणी हात लावला नाही. या वेळी घ्यायची तर घ्या, फक्त दुखलं की लगेच ओरडून सांगा. संकोच बाळंतपणात कशाला हवा?

प्रश्न : मागचे दोन गर्भ पडले, म्हणून रोज पोटात रक्त पातळ करणारी सुई घेते. एपिड्युरल मिळेल का?
— कोल्हापूर

उत्तर : मिळू शकेल, पण घड्याळ बघून. रोजचा छोटा, प्रतिबंधाचा डोस असेल तर शेवटच्या सुईनंतर किमान बारा तास जावे लागतात, मोठा डोस असेल तर चोवीस. नाहीतर मणक्यात रक्त साकळण्याची भीती. प्लेटलेट्सही, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, बघाव्या लागतील. आठव्या महिन्यात भूलतज्ज्ञांना भेटून औषधाचं नाव, डोस आणि वेळ दाखवा, फाईलवर लिहून घ्या. सुईची रोजची वेळ ठरलेली ठेवा. आणि कळा सुरू झाल्यासारखं वाटलं किंवा पाणी गेलं, तर पुढची सुई टोचू नका, आधी दवाखान्यात फोन करा.