साहेब चिडतात ते माझ्या चुकीवर की माझ्या यशावर?

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे. डोंबिवलीहून रोज लोअर परळला येते. एका मार्केटिंग कंपनीत मला सव्वाचार वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी नवे सर आले. पहिले दोन-तीन महिने त्यांनी मला डोक्यावर घेतलं, 'माझा उजवा हात' म्हणायचे. आता सगळ्यांसमोर पाणउतारा करतात. माझं प्रेझेंटेशन स्वतःच्या नावावर खपवतात. सोमवारी सांगितलेलं काम गुरुवारी 'मी असं म्हणालोच नाही' म्हणून झटकतात. सासूबाईंच्या आजारपणाबद्दल मी विश्वासाने बोलले, तर सर मीटिंगमध्ये 'हिचं लक्ष घरी असतं' म्हणाले. गेल्या महिन्यात क्लायंटने माझं नाव घेऊन कौतुक केलं. त्यानंतर चार दिवस सर माझ्याशी बोलले नाहीत. हल्ली करी रोडला उतरलं की पोटात गोळा येतो, रात्री तीनला जाग येते. मैत्रीण म्हणते, ते नार्सिसिस्ट आहेत, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेले. तसं असेल का? की मीच कमी पडते? घराचे हप्ते चालू आहेत, नोकरी सोडता येत नाही.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. सर बोलले नाहीत ते चार दिवस माझ्या मनातून जाईनात.

कडक साहेब मी पुष्कळ पाहिले. ते चुकीवर ओरडतात, काम चांगलं झालं की विषय संपतो. तुझे सर मात्र तुझं काम नावाजलं गेलं तेव्हा बिघडले. कौतुक स्वतःकडेच यायला हवं, दुसऱ्याला मिळालं तर ते आपल्याकडून हिरावलं गेलं, असं ज्याला वाटतं तो असा वागतो. वरून रुबाब दिसतो, पण आत फार नाजूक असतं. साधी दुरुस्ती सुचवली तरी त्याला अपमान वाटतो. आधी डोक्यावर घेणं आणि मग पायाखाली घालणं हेही त्यातलंच. तू त्यांना मोठेपण देत होतीस तोवर उजवा हात होतीस.

आता 'नार्सिसिस्ट' या शब्दाबद्दल. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणून १९८० साली आला. आज त्यात नऊ लक्षणं दिली आहेत आणि निदानासाठी किमान पाच असावी लागतात. ते निदान तज्ज्ञाने समोर बसून करायचं असतं. तू नाही, मी नाही, तुझी मैत्रीणही नाही. ऑफिसात हा शब्द तोंडातून काढू नकोस, तो तुझ्यावरच उलटेल. त्यांचं वागणं ओळखता आलं, तेवढं तुला पुरे आहे.

'मीच कमी पडते का?' हे तू विचारलंस म्हणून माझी एक गोष्ट सांगते. १९८९ साली मी फोर्टमधल्या एका ऑफिसात स्टेनो होते. साहेबांनी एका गिऱ्हाइकाला पाठवायचं पत्र मला तोंडी सांगितलं, त्यात माल पाठवायची तारीख दिली. माल वेळेवर गेला नाही. सगळ्या स्टाफसमोर ते मला म्हणाले, "ही तारीख घातली कुणी? तुला नीट ऐकू येतं ना?" मी माफी मागितली. खरंच वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. रात्री गिरगावच्या खोलीत सगळे झोपल्यावर पर्समधली शॉर्टहँडची वही काढली. पिटमन लघुलिपीच्या त्या बारीक पेन्सिलीच्या रेघा, आणि त्यांत तीच तारीख, त्यांनी सांगितली तशी. मी त्या पानाकडे कितीतरी वेळ बघत बसले. ती वही साहेबांना कधी दाखवली नाही. पण न केलेल्या चुकीची माफी त्यानंतर मागितली नाही.

म्हणून तुलाही वही ठेवायला सांगते. अशा माणसाखाली स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास आधी जातो. साधी, कागदाची, घरची वही. तारीख, वेळ, त्यांचे नेमके शब्द, तिथे कोण होतं. आपलं मत त्यात लिहू नकोस. तोंडी काम सांगितलं की त्याच दिवशी त्यांना दोन ओळींची मेल कर : 'आज ४ वाजता ठरल्याप्रमाणे मी अमुक करते आहे.' त्यांच्या वरच्यांना दर वेळी कॉपी ठेवू नकोस, ते भांडण उकरून काढल्यासारखं होईल. कंपनीच्या फायली स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस, त्यात तूच अडकशील. घरचं काही सांगू नकोस. चारचौघांत वाद घालू नकोस. 'बघते आणि कळवते' एवढं पुरतं. आणि त्यांना एक दिवस तुझी किंमत कळेल, ही वाट बघणं सोड. हे सर्वांत जड जातं, मला माहीत आहे.

एचआरकडे गेलीस तर स्वभावाची तक्रार करू नकोस, कामाचं नुकसान दाखव : या तारखेला हे सांगितलं, नंतर नाकारलं, काम दोनदा करावं लागलं. नुसत्या अशा छळासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण बोलण्यात, मेसेजमध्ये, स्पर्शात लैंगिक काही असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. कंपनीच्या अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची.

नोकरी सोडायचीच झाली तर दुसरीचं पत्र हातात आल्यावरच राजीनामा दे. पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं आताच घरी नीट लावून ठेव. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, त्यात मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता धरतात, आणि महिना २६ दिवसांचा मोजतात. म्हणजे पाच वर्षांचे जवळजवळ तीन महिन्यांचे पैसे. तुझे नऊ महिने उरलेत. हा हिशेब माहीत असू दे, पण तब्येत ढासळत असेल तर त्यासाठी थांबू नकोस.

रात्री तीनची जाग अंगावर काढू नकोस. केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखव, परळला उतरून चालत जाता येतं. रात्री फारच घालमेल झाली तर फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या नंबरवर, फुकट, चोवीस तास.

आज घरी जाताना वही घे. पहिल्या पानावर क्लायंटने तुझं नाव घेतलं तो दिवस लिही : तारीख, त्यांचे शब्द, आणि खोलीत कोण कोण होतं.