आधण यायच्या आधीचे बुडबुडे

प्रश्न : मी नववीत आहे, पुण्यात राहते. प्रोजेक्टसाठी स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाणी गॅसवर ठेवलं आणि दर मिनिटाला तापमान लिहिलं. सुरुवात २६ अंशांवर. ५० च्या आसपासच बारीक बुडबुडे आले, ८५ नंतर पाणी हळू तापायला लागलं, सूंऽऽ आवाज सुरू झाला आणि आकडा ९८ वरच अडकला. थर्मामीटर बिघडलंय का?

उत्तर : अजिबात नाही, आणि वहीतले ९८ खोडून १०० करू नकोस! पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ च्या जवळपासच उकळतं. महाबळेश्वरला केलंस तर ९५-९६ लाच उकळेल.

आता बुडबुडे. ५० ला दिसले ते वाफेचे नाहीत, पाण्यात विरघळलेल्या हवेचे आहेत, पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते मग ती पातेल्याला चिकटून बाहेर येते. तेच पाणी उकळून, झाकून गार करून लगेच परत तापव, ते खूप कमी दिसतील. आवाज येतो तेव्हाचे मात्र वाफेचे. बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं, तिथे वाफ होते, बुडबुडा सुटून जरा वर आला की गार पाणी लागतं, वाफेचं परत पाणी होतं आणि तो जागच्या जागी मिटतो, असे शेकडो मिटतात त्याचा तो सूंऽऽ. सगळं पाणी ९८ ला आलं की मिटायचे थांबतात, वर येऊन फुटतात, मग खळखळ.

८५ नंतर ग्राफ वाकला कारण झाकण नव्हतं, बरीच उष्णता वाफेबरोबर उडून जात होती. आणि ९८ नंतर तर सगळी उष्णता वाफ करण्यातच जाते, एक लिटर पाणी २६ वरून ९८ ला न्यायला जेवढी लागते त्याच्या सातपटीहून जास्त ते सगळं आटवायला लागते, मग आकडा हलणार कसा?

एक गोष्ट मात्र राहिली आहे. तू एकाच जागचं तापमान घेतलंस, आणि बुडबुडा तर बुडाशी जन्मतो. आता दोन थर्मामीटर लाव, एक बुडापासून बोटभर वर (बुडाला टेकवू नकोस, धातूचं तापमान दाखवेल), दुसरं पृष्ठभागाच्या जरा खाली, आणि आवाज सुरू होताना व थांबताना दोन्हींत किती फरक आहे ते लिही. बुडाकडे नीट बघ, काही बुडबुडे सारखे एकाच ठिपक्यातून माळेसारखे वर येतात, तिथे बारीक ओरखडा असतो आणि त्यात अडकलेल्या हवेवर वाफेचा बुडबुडा धरतो. ताप बघायचं थर्मामीटर वापरू नकोस, ते फुटेल, आणि गॅसजवळ घरातलं मोठं कुणीतरी असू दे.