‘सेनाधीश’ म्हणजे सेनापतीच का?

प्रश्न असा आहे : मराठी बायबलात जागोजागी ‘सेनाधीश परमेश्वर’ असं येतं. सेनाधीश म्हणजे सेनापतीच, मग ओळखीचा शब्द सोडून हा कशाला घेतला?

नाही हो, दोन्ही एक नव्हेत. मूळ हिब्रूत आहे ‘याहवे त्सवाओत’. ‘याहवे’ हे देवाचं नाव, ‘त्सावा’ म्हणजे सैन्य, ‘त्सवाओत’ हे त्याचं अनेकवचन. आपल्याकडे सेनापती हा कुणीतरी नेमलेला असतो. देवांचा सेनापती कार्तिकेय, पण राजा इंद्र. ‘अधीश’ला मात्र वर धनी नसतो, सैन्यच त्याच्या मालकीचं, लक्षाधीशाचे लाख असतात तसं. (न्यायाधीशाचं उदाहरण देऊ नका, तोही नेमलेलाच, तिथे गाडी अडते.)

सैन्य तरी कोणतं? ‘त्सावा’ माणसांचाही आणि आकाशातल्या ताऱ्यांचाही. इस्राएलची संदेष्टी दबोरा, तिच्या गीतात (बायबलातलं ‘शास्ते’ हे पुस्तक, अध्याय 5) दोन्ही एकाच रणात दिसतात. शत्रूचा सेनापती सीसरा, त्याच्याकडे 900 लोखंडी रथ (हा आकडा आधीच्या, 4थ्या अध्यायातला). इकडे तारे आपापल्या कक्षेतून त्याच्याशी लढतात आणि कीशोन नदी त्याच्या फौजेला वाहून नेते. हा शब्द त्या गीतात नाही. ‘याहवे त्सवाओत’ बायबलात प्रथम येतं ते 1 शमुवेलाच्या पहिल्याच अध्यायात, तेही रणात नव्हे, शिलोच्या वार्षिक यात्रेच्या वर्णनात. पुढे 17व्या अध्यायात दावीद गल्याथ या पलिष्टी योद्ध्यासमोर तेच नाव घेऊन उभा राहतो आणि लगेच जोडतो, ‘इस्राएलच्या सैन्यांचा देव’. म्हणजे निदान तिथे तरी रोख जमिनीवरच्या फौजेकडे आहे.

आणि सेनापती? तो बायबलात वेगळा आहेच. सीसरा हा याबीन राजाचा सेनापती, हिब्रूत ‘सर त्सावा’. हाच हुद्दा यहोशवाच्या 5व्या अध्यायात पुन्हा भेटतो. यरीहो शहराजवळ इस्राएलचा पुढारी यहोशवा याला नंगी तलवार घेतलेला एक पुरुष दिसतो. यहोशवा विचारतो, तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? उत्तर येतं, ‘नाही, मी परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती म्हणून आलो आहे.’ भाषांतरकारांनी परमेश्वरालाच सेनापती केलं असतं, तर या गृहस्थाला काय म्हणायचं?

त्या ‘नाही’वर मी नेहमी थबकतो. प्रश्न ‘हा की तो’ असा, आणि उत्तर नुसतं ‘लो’, म्हणजे नाही. यहोशवा बाजूचा प्रश्न पुन्हा काढत नाही, जमिनीवर पालथा पडतो आणि आपल्याला काय आज्ञा आहे एवढंच विचारतो.