वाचक विचारतात : हर्णैत बसून आइसलँडचा इतिहास?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी दापोलीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय इतिहास. घर हर्णैला, वडिलांची बोट आहे. आइसलँड आणि ब्रिटन यांच्यातल्या 'कॉड युद्धां'बद्दल, म्हणजे कॉड माशाच्या मासेमारीवरून झालेल्या झगड्यांबद्दल वाचलं आणि तेव्हापासून छोट्या राष्ट्रांचाच इतिहास शिकावा असं वाटतंय. बाबा म्हणतात, "मूठभर माणसांच्या देशाचं शिकून तुला काय मिळणार?" आमच्या एका सरांचंही मत, विषय फार लहान आहे. काय करू?
— एक विद्यार्थिनी, हर्णै

उत्तर : 'विषय फार लहान आहे' हे मलाही एकदा ऐकावं लागलं होतं. मला जंजिरा संस्थानावर काम करायचं होतं. मार्गदर्शक म्हणाले, ती मराठ्यांच्या इतिहासातली तळटीप आहे, मोठं काहीतरी घ्या. मी ऐकलं. त्याची खंत आजही आहे, म्हणून तुला सविस्तर लिहिते.

तळटिपेत गेलेलं राज्य आपल्याला फक्त कोणीतरी त्याच्यावर चालून गेल्यावर दिसतं. जंजिरा म्हटलं की न जिंकलेला किल्ला, एवढंच. पण आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचं राज्य १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं, श्रीवर्धन-म्हसळा त्यांच्याकडे होतं, तिथल्या सुपारीच्या बागांकडून ते सारा कसा घेत, कारभार कोणत्या भाषेत चाले, हे विचारायला आधी जंजिऱ्याच्या तटावर उभं राहून समुद्राकडे बघावं लागतं.

तुझ्या आइसलँडचंही तसंच. आजही त्यांची वस्ती चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. त्यांनी मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२ सागरी मैल केली, १९७२ मध्ये ५०, १९७५ मध्ये २००. ब्रिटनने आपल्या ट्रॉलरांच्या रक्षणाला युद्धनौका धाडल्या. आइसलँडच्या गस्ती नौकांनी पाण्याखालून कापायचं अवजार ओढत नेऊन त्या ट्रॉलरांच्या जाळ्यांचे तारदोर तोडले. १९७६ मध्ये त्यांनी ब्रिटनशी राजनैतिक संबंधही तोडले. नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी आघाडीचा केफ्लाविकचा तळ त्यांच्या जमिनीवर होता, तो हातचा जाईल ही धास्ती मोठ्या देशांना होती. त्याच वर्षी ब्रिटनला माघार घ्यावी लागली. आता बाबांना हे सांग : त्याच १९७६ मध्ये भारतानेही कायदा करून २०० सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासळीवर आपलाच हक्क असा पट्टा, जाहीर केलं. हर्णैच्या बंदरातून निघणारी बोट आणि ते मूठभर लोक एकाच काळातल्या एकाच प्रश्नात आहेत.

प्रवेश घेताना एम.ए. सर्वसाधारण इतिहासाचंच घे. छोटं राष्ट्र ठेव ते शोधनिबंधासाठी. महाविद्यालयात शिकवण्याच्या नोकरीचं म्हणशील तर नेट-सेटची पात्रता परीक्षा द्यावीच लागते, विषय मोठा असो की छोटा. बाबांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नकोस.

पण खरी मेहनत भाषेची आहे. हे तुला कोणी सांगितलं नसेल. छोट्या राष्ट्राचे कागद बहुतेक वेळा त्याच्यावर राज्य केलेल्यांच्या भाषेत आणि त्यांच्याच दप्तरात पडून असतात. आइसलँड शतकानुशतकं डेन्मार्कच्या ताब्यात होतं, त्यामुळे त्यांची जुनी हस्तलिखितं कोपनहेगनला होती. १९७१ च्या एप्रिलमध्ये त्यातली पहिली दोन हस्तलिखितं डॅनिश नौकेतून परत आली तेव्हा रेक्याविकच्या धक्क्यावर माणसांची गर्दी लोटली होती. दोन पोथ्यांसाठी! मी वर्गात हे सांगताना दर वेळी थांबत असे. एस्टोनियाचंही तसंच, त्यांचा जुना इतिहास वाचायला जर्मन आणि रशियन लागते.

आपल्या किनाऱ्याचं वेगळं कुठे आहे? वेंगुर्ल्याच्या डच वखारीचं कामकाज डचमध्ये. चौल-रेवदंड्याचं पोर्तुगीजमध्ये, पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले, पण कोर्लईच्या घरांमध्ये त्यांच्या भाषेतून घडलेली बोली अजून बोलतात. म्हणून एक परकी भाषा आत्ताच धर. माझा कौल पोर्तुगीजला, कारण गोवा विद्यापीठात ती शिकवतात आणि पणजीच्या पुराभिलेखागारात कागद हाताशी आहेत. शिवाय मोडी. आइसलँडिक नंतर येईल. तोवर त्यांच्यावरचं इंग्रजीत मिळेल ते वाच, मात्र प्रत्येक पानाला विचार की हे ब्रिटनच्या डेकवरून लिहिलंय की आइसलँडच्या.

चेक इतिहासकार मिरोस्लाव्ह ह्रोख यांचं काम शोधून वाच. नॉर्वे, फिनलंड, एस्टोनिया, स्लोव्हाकिया अशी छोटी राष्ट्रं शेजारी शेजारी ठेवून त्यांनी पाहिलं की आधी मूठभर अभ्यासक भाषा आणि जुन्या परंपरा गोळा करतात, मग कार्यकर्ते ते घरोघरी नेतात, आणि लोक मागाहून येतात. सगळं पटलंच पाहिजे असं नाही. मलाही ते आपल्याकडे जसंच्या तसं लावता येत नाही.

शोधनिबंधासाठी माझी एक सूचना. २०० मैलांची ती रेघ आइसलँडमध्ये कशी आली आणि हर्णैत ती कशी समजली, हे दोन्ही एकत्र लिही. १९८१ चा महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा काढ. जून-जुलैची बंदी लागली, होड्या शाकारून झाल्या की बाबा आणि त्यांच्या पिढीचे तांडेल घरी असतात. वही घेऊन बस. पहिला प्रश्न बाबांनाच विचार : परक्या ट्रॉलरचे दिवे तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलेत?