चालू प्रॅक्टिस सोडून पीएचडी करू का?

प्रश्न: मी व्हेटर्नरी डॉक्टर, मेडिसिनमध्ये एमव्हीएससी झालंय, फलटण भागात प्रायव्हेट प्रॅक्टिस करते. दगडीच्या (गायीची कास सुजण्याच्या आजाराच्या) केसेस खूप येतात, तीच तीच अँटिबायोटिक्स देऊनही गाय परत दगडी होते, म्हणून यावरच पीएचडी करावीशी वाटते. घरचे म्हणतात चांगलं चाललंय, आता कशाला शिकायचं? आणि माफसू (आपलं राज्याचं पशुविज्ञान विद्यापीठ) की आयव्हीआरआय (केंद्राची पशुवैद्यकीय संशोधन संस्था)?
– एक वाचक, फलटण

उत्तर: ताई, करा. ॲडमिशन झाल्यावर विषय शोधत फिरणारे खूप बघितलेत, तुम्हाला तो गोठ्यातच सापडलाय. पण दगडी एवढा मोठा विषय घेऊन गाईडकडे जाऊ नका, त्यातला आपला तुकडा आधी ठरवा. औषधाला दाद न देणारे जंतू बघायचेत की वरून काहीच न दिसणारी सुप्त दगडी?

एन्ट्रन्सचा अभ्यास करताना प्रॅक्टिस चालू ठेवा आणि तिचाच उपयोग करून घ्या. दगडीची केस आली की इंजेक्शन द्यायच्या आधी सॅम्पल घ्यायचं, कारण अँटिबायोटिक दिल्यावर कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात) कधी कधी काहीच उगवत नाही. सडाचं टोक स्पिरिटने पुसा, पहिल्या धारा सोडून द्या, मग निर्जंतुक बाटलीत दूध घेऊन बर्फात ठेवून लॅबला, सोबत सेन्सिटिव्हिटी टेस्ट (जंतूवर कुठलं औषध चालतं ते बघणारी) सांगायची. बाकीच्या गायींना सीएमटी (सुप्त दगडी ओळखायची गोठ्यातली टेस्ट) करा, चार सडांचं दूध चार वाट्यांत, तेवढंच रिएजंट, गोल फिरवलं की एखाद्या वाटीतलं घट्ट चिकट होतं, आणि मालक म्हणत असतो दूध तर एकदम चांगलंय! वेत कितवं, व्यायला किती दिवस झाले, धार हाताने की मशीनने, आधी कुठलं औषध दिलं, सगळं लिहून ठेवा. सिनॉप्सिस (पीएचडीच्या कामाचा आराखडा) यातूनच निघतो.

माफसू की आयव्हीआरआय हे मी दुसऱ्या नंबरला ठेवेन, आधी गाईड बघा. त्यांच्याकडे दगडीवर काम चालतं का, लॅबमध्ये पीसीआर (जंतूंचा डीएनए ओळखायची टेस्ट) होतं का, आत्ताचे विद्यार्थी काय सांगतात (हे त्यांना एकट्यात विचारा). आयव्हीआरआय म्हणजे बरेलीजवळचं इज्जतनगर, संस्था सुरू झाली ती मात्र आपल्या पुण्यात, १८८९ मध्ये. तिथे आयसीएआरच्या (केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेच्या) ऑल इंडिया परीक्षेतून जावं लागतं, लॅब उत्तम, पण तुमचे गोठे फलटणला आणि सॅम्पल आठवड्याला लागणार, त्यामुळे मला तरी माफसूचं कॉलेज सोयीचं वाटतं.

घरच्यांची काळजी खरी आहे. पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, बहुतेकांना जास्तच लागतात, फेलोशिप सगळ्यांना मिळत नाही आणि प्राध्यापकांची भरती कधी निघेल त्याचा भरवसा नाही. हे घरी बसून आकड्यांत बोला, घराचे हप्ते असतील तर अजून एक वर्ष थांबायला हरकत नाही.

माफसूचं शिरवळचं कॉलेज तुम्हाला जवळ आहे, तिथल्या मेडिसिन आणि मायक्रोबायोलॉजीच्या सरांना एकदा भेटून या, आणि जाताना नुसता बायोडेटा नको, ती केसेसची वही घेऊन जा.