साखरपुडा मोडल्यावर भरपाईची मुदत कुठून मोजायची?

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. मुलीचा साखरपुडा फेब्रुवारी 2023 मध्ये झाला, डिसेंबरचा मुहूर्त धरला, कार्यालय ठरवलं. 18 जून 2023 ला मुलाच्या वडिलांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: ‘मुलाचा विचार बदललाय, तुम्ही दुसरीकडे बघा.’ खर्च पावणेचार लाखांच्या घरात, शिवाय मुलाच्या गाडीसाठी रोख दिलेले दोन लाख वेगळे. मध्यस्थ आधी ‘दिवाळीनंतर बसू’ म्हणाले, मग ‘मार्चएन्ड होऊ दे’. आता डिसेंबर 2026 पर्यंत दावा लावता येईल ना आणि मुलावर चारशेवीस लागेल का, असं ते विचारतात. अशी पत्रं बरीच येतात आणि बहुतेकांत हाच घोळ असतो.

सर, डिसेंबर डोक्यातून काढून टाका. कराराचा भंग झाल्याबद्दल भरपाई मागायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 55 प्रमाणे तीन वर्षं मिळतात आणि ती भंग झाला त्या दिवसापासून मोजतात. तुम्ही मुहूर्ताची तारीख धरून चाललात. करार कायद्याचं कलम 39 तेवढ्यापुरतं तुमच्या बाजूने वाचता येतं: समोरच्याने वेळेआधी नकार दिला, तरी तो न मानता ठरल्या दिवसापर्यंत थांबायची मुभा असते. पण तुम्ही थांबला होतात कुठे? पत्रासोबत जोडलेली कार्यालयाची पावती पाहा. जुलै 2023 मध्येच तुम्ही बुकिंग रद्द केलंत, निम्मी अनामत परत घेतलीत आणि खाली सही केलीत. लग्न होणार नाही हे तुम्ही मान्य केल्याचा पुरावा तुमच्याच सहीचा आहे. म्हणून मुदत 18 जून 2026 ला संपते असं धरूनच चालायचं.

मध्यस्थांच्या बैठकांनी ही मुदत एक दिवसही पुढे सरकत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही नाही. उशीर माफ करण्याची तरतूद अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्यांना नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो. देणं कबूल केल्याचा सहीचा लेखी कागद मुदतीच्या आत मिळाला असता तर मोजणी नव्याने सुरू झाली असती. तुम्ही म्हणता तो ‘तुमचे पैसे बुडवणार नाही’ हा मेसेज त्या जागी चालेल का, यावर वाद होईल. चाललाच तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर बसू नका. तीन वर्षं माणसं ‘बसू’ म्हणत राहिली आणि तुम्ही एक ओळ लिहून घेतली नाहीत, याचा मला खरोखर राग येतो. ज्या न्यायालयांत समन्स बजावण्यातच महिने जातात, तिथे पक्षकाराने स्वतःचा वेळ असा घालवणं परवडत नाही.

चारशेवीसचं म्हणाल, तर ते कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 झालं आहे. फसवणुकीला पहिल्यापासून खोटा हेतू लागतो. साखरपुड्यानंतर मन बदललं, एवढ्यावर गुन्हा होत नाही आणि होऊही नये. लग्न कर असा हुकूम कोणतंही न्यायालय देत नाही. अक्षता पडेपर्यंत नाही म्हणायची मोकळीक मुलालाही हवी, मुलीलाही. पोलिसांच्या धाकाने बोहल्यावर चढलेल्या मुलाशी तुमच्या मुलीने संसार करावा, असं तुम्हालाही वाटणार नाही. इंग्लंडने तर 1970 च्या कायद्याने लग्नाचं वचन मोडल्याबद्दलचा दावाच बंद केला. मला तेवढं टोक मान्य नाही. आपल्याकडे साखरपुड्याचा खर्च बहुतेक वेळा मुलीच्या बापाच्या खिशातून जातो, तो त्याच्याच माथी मारून दुसऱ्याने मोकळं व्हावं हे न्याय्य नाही. शिक्षा नको, पण झालेला खर्च द्यायला लावायलाच हवा. करार कायद्याच्या कलम 73 ची भरपाई आहे ती त्यासाठीच. मनस्तापापोटी आणि बदनामीपोटीही मागा, पण त्याची रक्कम न्यायाधीशांच्या मतावर असते, त्यामुळे हिशेबात धरू नका.

गाडीचे दोन लाख ही मात्र नाजूक बाब आहे. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यात हुंडा देणंही गुन्हाच आहे. लग्न झालं नाही म्हणून मागणी करणारा सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये एस. गोपाल रेड्डी खटल्यात स्पष्ट केलं. पीडित व्यक्तीने दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही, असं संरक्षण कलम 7 मध्ये आहे, पण ते तुम्हाला किती पुरेल हे पैसे कोणी मागितले आणि कसे दिले यावर ठरेल. ‘गाडीसाठी भेट’ असा शब्द दाव्यात घालू नका. कागद वकिलासमोर ठेवून त्यांच्याकडून लिहून घ्या.

दावा तुमच्या आणि मुलीच्या, दोघांच्या नावे लावा. वचन तिला दिलं होतं आणि बिलं तुमच्या नावाची आहेत, त्यामुळे एकटं कोणी गेलं की समोरचा वकील तिथेच बोट ठेवेल. साखरपुडा तुमच्या गावी झाला म्हणून दावाही तुमच्याकडच्या न्यायालयात चालायला हरकत नसावी, मुलगा पुण्याचा असला तरी. मुलीला मोफत वकील मिळू शकतो, स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. लोकअदालतीत तडजोड जरूर करा, कोर्ट फीही परत मिळते, पण दावा दाखल झाल्यावर.

तो व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप ज्या फोनवर आहे तो बदलू नका, विकू नका. प्रिंटसोबत, ती त्याच फोनमधून काढल्याचं, साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. केटरर, कापडवाला, सोनार यांच्या पावत्या मूळ घ्या. मुलाच्या अंगठीची पावती हरवली असेल तर सोनाराकडून आजच दुसरी प्रत काढा आणि या आठवड्यात वकीलपत्रावर सही करा.