दिवाणखान्यातील स्पीकर : शोभा आणि स्वर

प्रश्न : आम्ही नुकतेच नव्या सदनिकेत राहायला आलो असून हॉल साधारण १० बाय १६ फुटांचा आहे. सजावटकाराने टीव्हीखाली भिंतीला चिकटून बसेल असा बारीक, पांढरा साउंडबार सुचवला आहे आणि तो सौ.ना पसंत आहे. मी मात्र रोज सकाळी तासभर ख्याल ऐकतो आणि मला दोन स्वतंत्र स्पीकर हवे आहेत. घरात त्यांना आधीच ‘काळी खोकी’ असे नाव पडले आहे. दुकानदारांच्या मते हल्ली आकाराचा आणि आवाजाचा काही संबंध उरलेला नाही. हे खरे मानावे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दुकानदारांचे म्हणणे वरच्या पट्टीपुरते खरे आहे. झांजेचा किणकिणाट किंवा शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ हे इंचभर व्यासाच्या पडद्यातूनही उत्तम निघतात. अडचण खाली उतरताना येते. स्वर एक सप्तक खाली गेला की तितक्याच जोराने तो वाजवण्यासाठी स्पीकरला चौपट हवा हलवावी लागते. त्यासाठी कोन (स्पीकरचा हलणारा शंकूसारखा पडदा) मोठा हवा किंवा त्याची मागेपुढे होणारी चाल लांब हवी, आणि दोन्हींसाठी पेटीला पोट लागते.

आपण ख्याल ऐकता, म्हणून तंबोऱ्याचेच उदाहरण घेऊ. गायक काळी एक या सुरात गात असतील तर जोडाच्या (मधल्या दोन) तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास लागते. अडीच-तीन इंची कोनांच्या बारीक साउंडबारला इतक्या खाली जोर धरवत नाही. तरीही तंबोरा ऐकू येतोच, कारण खर्जाचे वरचे उपस्वर कानावर पडले की मेंदू मूळ स्वर आपण होऊन भरून काढतो. त्यामुळे दुकानातल्या पहिल्या दहा मिनिटांत काही उणे जाणवत नाही. घरी आठवडाभर ऐकल्यावर लक्षात येते की खर्ज ओळखू येतो, पण खोलीत भरत नाही. अनेक साउंडबार हा जोर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उसना आणतात. आवाज वाढवला की मात्र कोनावर ताण पडू नये म्हणून तो परत काढून घेतला जातो, आणि द्रुत लयीत तबलजी रंगात आले की नेमका डग्गा मागे सरतो. सोबत वेगळा वूफर (फक्त खालच्या स्वरांचा स्पीकर) घेतल्यास ही तूट बरीच भरून निघते. फक्त मग ‘घरात खोके नको’ हा मूळ मुद्दाच निकालात निघतो.

तथापि देखणेपणाला आवाजाचा वैरी ठरवू नये. जर्मनीतील ब्राउन कंपनीचा १९५६ सालचा एस के ४ हा रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेला संच आज संग्रहालयांत पाहायला मिळतो. हान्स गुगेलोट आणि डीटर राम्स यांच्या या संचाला पारदर्शक झाकण होते, आणि त्यावरून लोकांनी त्याला ‘हिमगौरीची शवपेटी’ म्हणायला सुरुवात केली. ते झाकण आधी पत्र्याचे योजले होते, परंतु मोठ्या आवाजात पत्रा थरथरू लागला म्हणून अ‍ॅक्रिलिक आले. बॉवर्स अँड विल्किन्स कंपनीचा १९९३ चा नॉटिलस हा स्पीकर शंखासारखा दिसतो, तो कोनाच्या मागच्या बाजूने निघणारा आवाज लांब निमुळत्या नळ्यांत जिरावा म्हणून. (त्याच्या एका जोडीला अ‍ॅम्प्लिफायरच्या आठ वाहिन्या लागतात, तेव्हा सौ.ना त्याचे चित्र न दाखवणेच बरे.) उलट ब्रिटनमधील क्वाड कंपनीचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक (कोनाऐवजी विद्युतभाराने हलणारा पातळ पडदा असलेला) स्पीकर खोली तापवण्याच्या हीटरसारखा दिसतो, आणि तरीही मानवी गळ्यासाठी जाणकार आजही त्याचे नाव घेतात.

म्हणून खरेदी करताना ‘हा आकार असा का?’ असे अवश्य विचारावे. पेटीच्या कडा गोलसर आहेत, कारण तीक्ष्ण कडांवरून आवाज विखुरतो, हे उत्तर पटण्यासारखे आहे. टीव्ही बारीक आहे म्हणून स्पीकरही बारीक, या उत्तरात आवाजाचा विचार कोठेच नाही.

आपल्या हॉलसाठी मी पाच-साडेपाच इंची कोनाचे, लाकडी रंगाचे दोन छोटे स्पीकर सुचवेन. बीबीसीने १९७० च्या दशकात ध्वनिक्षेपणाच्या अरुंद गाड्यांसाठी तयार केलेला एल एस ३/५ ए जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचा होता. त्याने अतिखर्जावर पाणी सोडले, पण माणसाचा आवाज सांभाळला. दोन स्पीकर एकमेकांपासून सहा-सात फुटांवर, भिंतीपासून निदान वीतभर पुढे आणि ट्विटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येईल असे ठेवावेत. हॉलमध्ये उभे राहून एक टाळी वाजवून पाहा. मागोमाग ‘टर्र’ असा आवाज आला तर गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती कोणत्याही स्पीकरचे हसे करतील. जाड पडदे आणि मोठी सतरंजी यांची निवड सौ.वर सोपवावी. माझ्या घरी शोकेसच्या सरकत्या काचेने दोन वर्षे डग्ग्याबरोबर साथ केली. अखेर खाचेत दुमडलेला पोस्टकार्डाचा तुकडा घातला, तेव्हा ती गप्प झाली.

दुकानात जाताना स्वतःच्या ओळखीचे ध्वनिमुद्रण न्यावे, गायन सुरू होण्याआधीचा नुसता तंबोरा ऐकावा, आणि दोन्ही संचांच्या आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठ्याने वाजणारा संच हमखास सरस वाटतो.

प्रश्न : स्पीकरची काळी जाळी काढून तेथे खणाचे कापड ताणून लावले तर चालेल काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कापड तोंडासमोर घट्ट धरून फुंकर घालून पाहावी. हवा विनासायास पलीकडे गेली तर आवाजही बहुतांशी जाईल. खणाची वीण घट्ट असते आणि काठ त्याहून जाड, त्यामुळे वरचे स्वर त्यात अडकून गाणे पांघरुणातून आल्यासारखे वाटेल. खण पेटीच्या दोन्ही बाजूंना चिकटवावा. तेथे तो शोभेल आणि आवाजाच्या वाटेत येणार नाही. मागच्या बाजूला हवेचे गोल भोक असल्यास तेवढे मात्र झाकू नये.